कानाचा मिस्त्री

माझ्या दारात गाडी आली की मी आधी तिच्या मालकाला गप्प करत असे. "तुमी बोलू नका जी, तिले बोलू द्या," असं म्हणायचं, किक मारायची आणि इंजिनाजवळ डोळे मिटून उभं राहायचं. मालक बिचारा बरंच सांगायला आलेला असायचा. चढावर दम सोडते, थंडीत सुरूच होत नाही, आधीच्या मिस्त्रीनं काहीतरी करून ठेवलं. मला त्यातलं काही नको असायचं. थोडा वेळ ऐकून मी डोळे उघडायचो आणि दुखणं सांगायचो. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर वाढलं आहे. पिस्टन सैल झाला आहे. चेन एका बाजूनं जास्त ताणली आहे. खोलून पाहिलं की बहुतेक वेळा तेच निघायचं. अकोल्याच्या जुन्या शहरात मला 'कानाचा मिस्त्री' म्हणत. आईबापांनी ठेवलेल्या प्रल्हाद या नावापेक्षा मला हेच नाव जास्त आवडायचं.

माझं दुकान म्हणजे घरापुढचं टिनाचं शेड. तिथे मी जन्मभर जुन्या मोटरसायकली दुरुस्त केल्या, त्यातही दोन-स्ट्रोकच्या, धूर सोडणाऱ्या, ज्या बनवणं कंपन्यांनी केव्हाच बंद केलं. नव्या गाड्यांना मी हात लावत नसे. त्यांच्यात काही बिघडलं की दिवा लागतो. जुन्या गाडीला दिवा नसतो, तिला फक्त आवाज असतो. ज्यांनी कधी पाना हातात धरला नाही त्यांनाही हे सहज समजावं. घरातली बाई बाहेर ओट्यावर गप्पा मारत बसलेली असते आणि मध्येच उठते, कारण आत कुकरचा आवाज बदललेला असतो. बाकी कुणाला तो बदल कळतसुद्धा नाही. माझं काम तेवढंच होतं, फक्त कुकरऐवजी इंजिन.

अशा गाड्या पाळणारी माणसं वेगळी असतात. ती गाडी गॅरेजात टाकून निघून जात नाहीत. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून स्वतःच प्लग काढतात, कार्बोरेटर उघडतात, एखादा स्क्रू उरला की माझ्याकडे येतात. मी त्यांना घरच्या घरी करायच्या गोष्टी शिकवायचो. प्लगचं टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं दिसलं की समजा, इंजिनाची तब्येत ठीक. काळंकुट्ट आणि ओलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर इंजिन तापतंय, तशी गाडी पळवू नका. पेट्रोलमध्ये ऑइल मापानं मिसळा, अंदाजानं नको. आणि रोज निघण्याआधी थोडा वेळ नुसतं ऐका. हे शेवटचं मी सगळ्यात ठासून सांगायचो.

गिऱ्हाइकंही एकेक नग होती. एका पोस्टमनच्या बायकोला गाडीवर मागे बसलं की खुळखुळ ऐकू यायची, त्याला स्वतःला मात्र काहीच यायची नाही. दोघं माझ्याकडे आले. मी गाडी सुरू न करताच नुसती हलवली आणि सीटखालचा कप्पा उघडला. आत तंबाखूची स्टीलची डबी होती. तंबाखू त्यानं लग्नातच सोडली होती म्हणे. त्या बाईनं माझे आभार मानले, त्यानं मात्र पुढे कधी गाडी माझ्याकडे आणली नाही. बार्शीटाकळीकडचा एक शेतकरी होता. त्याच्या गाडीचा फटफट आवाज मी अगदी मऊ करून दिला, तर तो तक्रार घेऊन परत. म्हणाला, "मिस्त्री, पहिले गाडीचा आवाज आयकला का गोठ्यातले बैल उभे राहायचे. आता मी पुढ्यात जाऊन उभा राहतो तरी बसूनच राहतात. थोडासा बिघाड परत टाकून द्या." मी सायलेन्सरचा एक नट सैल करून दिला. बैल पुन्हा उठून उभे राहू लागले, असा निरोप आला.

हे सगळं मी ऐटीत सांगतो आहे. खरं सांगायचं आहे ते यापुढे आहे, आणि ते सांगताना मान वर होत नाही.

माझे कान गेले. एकदम गेले नाहीत. टिनाच्या शेडात जन्मभर सायलेन्सर काढलेली इंजिनं कानाशी घेऊन बसलो, जाम झालेल्या पिना हातोड्यानं ठोकल्या, कधी कापसाचा बोळासुद्धा घातला नाही. घातला तर ऐकणार कसं? आधी बारीक आवाज गेले. घड्याळाची टिकटिक, मोबाईलची घंटी. मग माणसांच्या शब्दांची टोकं झिजली. कोणी काही बोललं की आवाज यायचा पण शब्द यायचा नाही. आणि एक दिवस मी डोळे मिटून इंजिनासमोर उभा राहिलो तेव्हा नुसता एक सपाट घुमारा ऐकू आला. आतला पिस्टन वेगळा नाही, चेन वेगळी नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ज्याला लोक कानाचा मिस्त्री म्हणतात त्यानं काय सांगायचं?

मी दुसऱ्या युक्त्या धरल्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, म्हणजे थोडं कळतं. तळहात इंजिनाच्या पोटावर ठेवायचा, थरथर मोजायची. धुराचा रंग पाहायचा, वास घ्यायचा. डोळे मिटून उभं राहणं मात्र मी सोडलं नाही. आता ते सोंग होतं, पण लोक तेवढ्यासाठीच येत होते.

घरी हे सोंग चालत नव्हतं, म्हणून मी उलटा आरोप करू लागलो. शोभा, माझी बायको, काही बोलली की मी म्हणायचो, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? नीट बोल ना." ती पुन्हा बोलायची. मग मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. अमरावतीला दिलेली आमची मुलगी वैशाली फोनवर म्हणायची, "बाबा, कान दाखवून घ्या." मी म्हणायचो, रेंज नाही.

एक गोष्ट तेव्हा लक्षात आली होती, पण तिचा अर्थ मी लावला नाही. माझी गिऱ्हाइकं बोलकी झाली होती. पूर्वी मी त्यांना गप्प करायचो आणि ती गप्प बसायची. आता कोणी आलं की माझ्या समोर येऊन उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं. "मिस्त्री, डाव्या बाजूनं टकटक येते, गाडी तापली का वाढते." "मिस्त्री, दुसऱ्या गियरात शिट्टी मारल्यावाणी करते." मला चीड यायची. वाटायचं, मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून सगळे शहाणे झाले आहेत. एकदोघांना मी तसं तोंडावर बोललोही. ते नुसते हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. आणि त्यांनी सांगितलेल्या खुणेवरून मी दुखणं शोधायचो, वर समजायचो की मीच शोधलं.

माझी स्वतःची गाडी म्हणजे माझ्या दुकानाची पाटी होती. दोन सायलेन्सरची, बापाच्या वेळची. तिचा नट न् नट मी घरीच अंगणात बसून उघडला आणि बसवला होता. रंग मीच मारला, सीटचं कव्हर शोभानं शिवलं. दर रविवारी मी तिला पुसायचो, ऑइल करायचो, सुरू करून उभा राहायचो. कोणी शंका घेतली की तिच्याकडे बोट दाखवायचो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दोघं त्या गाडीवर अमरावतीला निघालो. नातीचा वाढदिवस होता. शोभा मागे बसली होती, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. वैशालीनं एसटीनं या म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, ही गाडी नागपूरपर्यंत जाईल, अमरावती काय.

बोरगाव मागे पडल्यावर शोभानं माझ्या खांद्यावर हात मारला आणि काही बोलली. दोन्ही बाजूंना तुरी फुलोऱ्यावर होत्या. मला वाटलं, तुरी छान आहेत म्हणाली. मी मान हलवली, "हो." थोड्या वेळानं पुन्हा हात, पुन्हा काहीतरी. मी पुन्हा "हो हो." मग तिनं खांदा धरून ओरडल्यासारखं केलं. तेही वाऱ्यात गेलं. हँडलला थरथर जाणवत होती, पण मी ती रस्त्याच्या खात्यावर टाकली.

दोन-स्ट्रोक इंजिन जाम होण्याआधी सूचना देतं. मोकळा आवाज घट्ट होतो, कण्हल्यासारखा होतो. ऐकणाऱ्याचा डावा हात आपोआप क्लचवर जातो. क्लच दाबला की मागचं चाक मोकळं होतं आणि गाडी आपली घरंगळत थांबते. ही गोष्ट मी माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला शिकवली आहे. मूर्तिजापूरच्या अलीकडे माझ्या गाडीचं इंजिन जाम झालं तेव्हा माझा डावा हात जागेवरच होता. मागचं चाक अडकलं, गाडी आडवी फरफटली आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला पडलो. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. शोभा उजव्या हातावर पडली होती. ती ओरडली नाही. मनगट दुसऱ्या हातात धरून बसून राहिली. भोवती शंकरपाळे सांडले होते.

मूर्तिजापुरात माझ्या ओळखीचं एकच घर होतं, वानखडे गुरुजींचं. गुरुजी निवृत्त शिक्षक. माझ्यासारखीच जुनी गाडी त्यांच्याकडे आहे आणि ते ती घरीच सांभाळतात, अडलं तेवढं माझ्याकडे आणतात. मी रस्त्यात थांबलेल्या एका माणसाकडून त्यांना फोन लावून घेतला, कारण फोनवरचं मला कळलं नसतं. गुरुजी ऑटो घेऊन आले. शोभाला दवाखान्यात नेलं, हाडाच्या डॉक्टरला बोलावून घेतलं, आणि माझी गाडी एका टेम्पोत टाकून स्वतःच्या अंगणात नेऊन ठेवली. त्यांच्या बायकोनं शोभाला साडी आणली. हे सगळं होत असताना ते माझ्याशी मोजकंच बोलले, पण प्रत्येक वेळी समोर येऊन, चेहऱ्याकडे पाहून बोलले. मला वाटलं, शिक्षकाची सवय.

प्लास्टर घातल्यावर शोभा माझ्याकडे पाहत राहिली. नर्स तिथेच उभी होती.

"किती वेळा सांगतलं तुमाले," ती म्हणाली. हे मला ऐकू आलं, कारण ती फार सावकाश बोलली. "गाडी दळून राहिली, जात्यावाणी आवाज करून राहिली, थांबवा. तुमी हो हो म्हणत होते."

"मले वाटलं, तू तुरीचं बोलून राहिली."

"तुरीचं," ती म्हणाली. मग प्लास्टर सावरत, "आठ-पंधरा दिवसापासून दळून राहिली होती ते. मी अंगणात आयकत होती. तुमी रोज पुसत होते तिले." आणि मग, "घरी मले म्हणता पुटपुटते. मी पुटपुटत नाई जी."

नर्स खाली पाहू लागली. मीही.

थोड्या दिवसांनी मी मूर्तिजापूरला जाऊन गुरुजींच्या अंगणात गाडीचं इंजिन उतरवलं, पोत्यात बांधलं आणि एसटीनं अकोल्याला आणून रशीदभाईंच्या लेथवर ठेवलं. रशीदभाई माझे जुने सोबती. माझ्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. इंजिनाचा सिलिंडर आतून झिजला की तो लेथवर घासून पुन्हा गोल करायचा, तुटलेला भाग घडवायचा, हे त्यांचं काम. आमची दुकानं एकमेकांवर चालली. त्यांनी इंजिनाचं पोट उघडलं. मुख्य बेअरिंगचा चुरा झाला होता. गोळ्यांचे तुकडे काळ्या ऑइलात रुतले होते.

त्यांनी एक तुकडा बोटांवर घेऊन मला दाखवला. "ये एक दिन का काम नहीं, भाऊ. ये बहुत दिन से रो रही थी."

मी म्हटलं, "आजकाल बेअरिंगातच दम नाई राहिला."

रशीदभाईंनी लेथ बंद केला. हात पुसले. माझ्या समोर स्टूल ओढून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, आणि सावकाश बोलू लागले.

"परल्हादभाऊ, बुरा नको मानजो. पहिलेच सांगायले पायजे होतं, माझी हिंमत नाई झाली. तुमाले आयकू नाई येत, हे मले माहीत हाय."

मी म्हटलं, थोडं कमी येतं, वयाप्रमाणे.

"थोडं नाई. तुमच्याकडं जाणारा माणूस पहिले माझ्या दुकानावरून जाते. मीच त्याले थांबवतो. सांगतो, मिस्त्रीच्या समोर उभा राह्यजो, आवाज कसा येते ते जोरानं सांगजो. अन् त्यानं चिडचिड केली तर हसजो, उलटून बोलू नको."

माझ्या डोळ्यांपुढे ती सगळी माणसं आली. समोर उभी राहून टकटक, शिट्टी, कुरकुर सांगणारी. मी ज्यांना शहाणे म्हणून झापलं होतं ती.

"कोणाकोणाले माहीत हाय?" मी विचारलं.

"असं इचारा, भाऊ, का कोणाले माहीत नाई."

ते एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी मनाशी काही ठरवलेलं दिसत होतं. माझ्या हातून गेलेल्या काही गाड्यांत दुखणं तसंच राहिलं होतं. त्या परत माझ्याकडे आल्याच नाहीत, रशीदभाईंकडे आल्या. त्यांनी त्या गुपचूप नीट करून दिल्या आणि माणसांना सांगितलं, मिस्त्रीले काही बोलू नका. माझं नाव टिकलं होतं ते त्यांच्यामुळे. त्या काळात मी त्यांनाच सांगत फिरायचो, की पहा, अजून एक तक्रार नाही.

"अन् तुमाले कसं कळलं पहिले?" मी विचारलं.

रशीदभाई खाली पाहू लागले, मग त्यांना आठवलं की मला त्यांचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणून त्यांनी मान वर केली. "वानखडे गुरुजीची माय गेली तवा."

गुरुजींची आई गेली हे मला माहीतच नव्हतं.

"तुमाले त्यायनं सांगतलं होतं," रशीदभाई म्हणाले. "गुरुजी कार्बोरेटर न्यायले आलते तुमच्याकडं. तेरवी होऊन थोडेच दिवस झालते. तुमी इचारलं, लय दिवसानं आले. ते म्हणाले, माय गेली. तुमी म्हणाले..."

"काय म्हणालो?"

"तुमी म्हणाले, 'बरं झालं जी. आता लवकर सोडू नका, ठेवून घ्या चार दिवस.' हसून म्हणाले. तुमाले वाटलं असन, माय आली. गुरुजी तसेच इथं आले अन् याच स्टुलावर बसून रडले. मले म्हणाले, मिस्त्री असा माणूस नाई. मी म्हटलं, गुरुजी, उसको सुनाई नहीं दिया होगा. तवाच कळलं आमाले दोघायले."

मी घरी कसा आलो ते नीट सांगता येत नाही. गल्लीतली सगळी घरं ओळखीची, आणि प्रत्येक ओट्यावर कोणीतरी बसलेलं. मी कुणाकडे न पाहता चाललो. लाज वाटणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत आहे असं वाटत होतं. उघडा पडलो याची लाज असते, तिच्यात थोडा रागही असतो, आणि रागाचा आधार असतो. ही तशी नव्हती. इथे मला उघडं पाडणारं कोणीच नव्हतं. सगळ्यांनी मला झाकलं होतं, आणि मी त्या पांघरुणाखाली ऐटीत डोळे मिटून उभा होतो. ज्याच्या आईच्या मरणाला मी हसून बरं झालं म्हटलं, तो माणूस माझ्या बायकोसाठी ऑटो घेऊन धावत आला होता. त्यानं मला दवाखान्यात एक शब्द ऐकवला नव्हता.

वैशालीनं अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, की आठ-दहा वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. आता मशीन लावून काही ऐकू येईल, सगळं नाही, आणि गेलं ते परत येणार नाही. मशीन लावून घरी आलो तेव्हा पहिल्यांदा वर्तमानपत्राचा आवाज आला. तो एवढा मोठा असतो हे मी विसरलो होतो. मग स्वयंपाकघरातून शोभा म्हणाली, "चहा मांडू का जी?" तिचा हात तेव्हाही गळ्यात बांधलेला होता. तिचा आवाज साधा, स्वच्छ होता. त्यात पुटपुटण्यासारखं काही नव्हतं. मी आत जाऊन म्हटलं, "मी मांडतो." तिनं सरकून जागा दिली. मी तिला एवढंच म्हणू शकलो, "तू नीटच बोलतेस." ती म्हणाली, "मंग."

रशीदभाईंनी सिलिंडर घासून दिला, नवी बेअरिंगं बसवली. मी इंजिन पोत्यात बांधून पुन्हा मूर्तिजापूरला गेलो. गुरुजींच्या अंगणात दोघांनी मिळून ते चढवलं. गुरुजी पाने हातात देत होते, मी आवळत होतो. दोघांनाही हे काम येतं, त्यामुळे बोलायची गरज पडत नव्हती, आणि मला ते बरं वाटत होतं. जे बोलायला आलो होतो ते मी प्रत्येक नटागणिक पुढे ढकलत होतो. नळी जोडली, पेट्रोल घातलं, ऑइल मापून मिसळलं. चेन बसवताना गुरुजी म्हणाले, "मशीन लावलं का?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "चांगलं केलं."

किक मारली. तिसऱ्या-चौथ्या किकला गाडी सुरू झाली. सवयीनं माझे डोळे मिटले, आणि मिटल्याबरोबर मी ते उघडले. कानातल्या मशीनमधून सगळे आवाज एकाच पत्र्यावर आपटल्यासारखे येत होते. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, ते माणसांच्या बोलण्यासाठी आहे, इंजिनासाठी नाही. मला पिस्टन वेगळा ऐकू येत नव्हता, बेअरिंग वेगळं येत नव्हतं. चांगलं आहे की वाईट, काही कळत नव्हतं. गुरुजींच्या शेजारचे दोघेतिघे कुंपणापाशी पाहत उभे होते.

मी म्हटलं, "गुरुजी, मले काही समजून नाई राहिलं. आवाज कसा येते ते तुमी सांगा."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

गुरुजींनी ऐकलं. वाकून ऐकलं, मागे जाऊन ऐकलं. मग माझ्या समोर येऊन म्हणाले, "खालून कायचा आवाज नाई. दळणं बंद झालं. वरून थोडं टिकटिक येते, बारीक, सारखं."

"एका चालीत येते का मधातच चुकते?"

"एका चालीत."

"मंग ठीक हाय. नवं हाय, बसन ते." मी गाडी बंद केली.

गुरुजींच्या बायकोनं चहा आणला. आम्ही ओट्यावर बसलो. आतल्या भिंतीवर एका म्हातारीचा फोटो होता, हार घातलेला. मी कप खाली ठेवला.

"गुरुजी, रशीदभाईनं मले सांगतलं. मी काय बोललो होतो ते."

गुरुजींनीही आपला कप खाली ठेवला.

"मले माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून काय झालं. आयकू येत नाई हे मले माहीत होतं. ते मी लपवलं. लपवलं नसतं तर मी तुमाले इचारलं असतं."

गुरुजी म्हणाले, "मले राग आलता, मिस्त्री. खोटं कायले सांगू. रशीदभाईनं समजावून सांगतलं तरी आलता. लय दिवस दुसऱ्याकडं नेली गाडी. त्यानं पार वाटोळं केलं तिचं." ते थोडं हसले. मला हसता आलं नाही. मग ते म्हणाले, "राग गेला नंतर. कवा गेला ते माहीत नाई. तुमचा फोन आला तवा नव्हता, एवढं सांगतो."

मी मान खाली घातली होती, आणि मान खाली असली की मला अर्धं ऐकू येतं. ती तशीच ठेवावी असं वाटत होतं. पण मी वर पाहिलं आणि जे तेव्हा विचारायला हवं होतं ते विचारलं. "माय आजारी होती का जी?"

गुरुजी फोटोकडे वळून बोलू लागले. त्यांचा आवाज उतरला. मला 'उन्हाळा' ऐकू आला, 'अंगणात' ऐकू आलं, मध्ये काहीतरी बुडालं, मग 'माझं नाव घेतलं' एवढं आलं. त्यांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मी सवयीनं मान हलवणार होतो. हो हो म्हणणार होतो. ते सोपं होतं, आणि गुरुजींना कळलंही नसतं.

"गुरुजी," मी म्हटलं, "मले आयकू नाई आलं. परत सांगता का?"

गुरुजी थांबले. उठून त्यांनी आपली खुर्ची ओढली, माझ्या अगदी समोर आणून ठेवली, तिच्यावर बसले, आणि त्यांची आई कशी गेली ते मला पहिल्यापासून सांगू लागले.